आवाज बंद केलेली अंगठ्याची डबी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे, पण मला उघडून बघाल तर माझ्यात ना मिसरी सापडेल ना कुंकू. माझ्या पोटात नुसत्या तारा आहेत आणि डोक्यावर बोटभर काच. त्या काचेवर अंगठा टेकवला की माणसाला त्याच्या बँकेच्या खात्यातले पैसे मिळतात. कंपनीनं मला मोठं इंग्रजी नाव दिलंय. केदारखेड्यातल्या बायाबापड्यांनी मात्र मला 'अंगठ्याची डबी' म्हटलं आणि मलाही तेच आवडलं.

माझा जन्म लांबच्या कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. माझ्यासारख्या कितीतरी बहिणी एका पट्ट्यावरून सरकत होत्या, एवढंच आठवतं. पुढे जालन्यात एका कंपनीच्या कपाटात काही दिवस काढले. मग त्याच कंपनीतल्या धर्मराज नावाच्या साहेबांनी मला केदारखेड्यात आणून वंदनाताईंच्या हातात दिलं. शाखेतली गर्दी कमी व्हावी म्हणून बँकेनं हे काम कंपनीला दिलं होतं आणि कंपनीनं ते वंदनाताईंना दिलं.

ताईंना पगार नव्हता. जितके व्यवहार होतील तितकं कमिशन. पिठाच्या गिरणीशेजारच्या गाळ्याचं भाडं, पावतीचा कागद, इंटरनेट, सगळा खर्च त्यांचाच. पण दारावर बँकेच्या नावाची पाटी होती ना! गाव म्हणायचं, "वंदनाबाई बँकेत नोकरीला हाय." ताई खोटं कधी बोलल्या नाहीत, पण गावाचा समजही त्यांनी कधी खोडला नाही. लग्नकार्यात लोक उठून जागा द्यायचे. असा मान कोणाला नकोसा होतो?

ते दिवस माझ्याही कौतुकाचे होते. मला आवाज होता. काम झालं की माझा हिरवा दिवा लागायचा आणि मी ठणठणीत आवाजात म्हणायचे, "व्यवहार यशस्वी झाला." गोजरआजींना तर माझा फार लळा. आजी एकट्या जिवाच्या नव्हत्या, घरी सून होती, पण हातात स्वतःचे म्हणावेत असे पैसे फक्त निराधार योजनेचे. ते न्यायला आल्या की डोळे मिटून अंगठा टेकवायच्या आणि माझा आवाज आला की हसायच्या, "बोलली गं माय!" मग पदरानं माझी काच पुसायच्या. मी फुगून जायचे.

एके दुपारी धर्मराज साहेब आले. चहा पिऊन झाला, कपाशीच्या भावाच्या गप्पा झाल्या आणि गाडीला किक मारता मारता ते म्हणाले, "ताई, एक सांगायचं राह्यलं. पुढच्या महिन्यापासून कमिशनचा दर कमी झालाय. वरूनच आलंय."

"किती कमी?"

"निम्म्याहून जास्त गेला समजा."

"आणि काम?"

"काम तेच." साहेबांनी ताईंकडे बघितलं नाही. त्यांचाही दर कापला होता म्हणे. गाडी निघून गेली तरी ताई दारातच उभ्या होत्या.

ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही. सांगणार तरी कशी? बँकेतल्या नोकरदार बाईला अंगठ्यामागे पैसे मिळतात आणि तेही कापले जातात, हे ऐकून गाव काय म्हणालं असतं? झाकली मूठ सव्वा लाखाची.

पुढच्या वेळी गोजरआजी आल्या, तेव्हा ताईंनी आधी माझा आवाज बंद केला. मग आजींच्या पैशांतली थोडीच रक्कम माझ्यात भरली. आजींनी अंगठा टेकवला. माझा हिरवा दिवा लागला, पण ताईंनी तो तळहातानं झाकला होता.

"आजी, अंगठा लागला न्हाई. परत लावा."

आजींनी परत लावला. पुन्हा तेच. एका रकमेचे तुकडे झाले आणि दर तुकड्याला वेगळं कमिशन मिळालं. शेवटी आजींच्या हातात पैसे पूर्ण पडले, रुपयाही कमी नाही. कोणाचं काय गेलं, असं ताईंना वाटलं असेल. मलाही तसंच वाटलं, मित्रांनो, आणि आज त्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

कारण आजी अंगठ्याकडे बघू लागल्या होत्या. घरी जाताना बघायच्या, रांगेत बघायच्या. त्यांच्यासोबत कापूस वेचणाऱ्या इमामबी म्हणायच्या, "मलई लगाव गोजरबाई, और राख से भांडे मत घिसो." आजी साय लावू लागल्या. त्यातच कोणीतरी त्यांना सांगितलं, हयातीचा दाखलाही अंगठ्यावरच मिळतो. अंगठा उठला नाही, तर सरकारच्या लेखी माणूस मेला. तेव्हापासून माझ्या काचेजवळ येताना आजी अंगठा मुठीत जपून आणायच्या. मी हिरवा दिवा लावत राहिले आणि तो झाकला जात राहिला.

वेचणीचे दिवस आले. एका सकाळी आजी आल्या, त्या अंगठ्याला चिंधी बांधून. काचेसमोर उभ्या राहून त्यांनी सावकाश गाठ सोडली.

"वंदना माय, दुसरं बोट चालतं का बघ. ह्यो मेला. औंदा वेचायला बी गेले न्हाई, आणखी घासल म्हून. भांडी बंद, धुणं बंद. सून बोलून राह्यली, बसून खाती म्हून. पर सरकारनं मला मेलेली धरलं तर मंग मी काय करू?"

साय लावलेला, जपलेला तो अंगठा. त्याच्यावरची रेघ न् रेघ मला दिसत होती. आजींचा अंगठा मी एकदाही नाकारला नव्हता.

ताईंचा चेहरा उतरला. त्यांनी ती चिंधी उचलून बाजूला ठेवली. मग त्यांनी माझा आवाज पूर्ण वाढवला.

"लावा, आजी. हाच लावा."

आजींनी डोळे मिटून अंगठा टेकवला आणि मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले, "व्यवहार यशस्वी झाला."

"आजी, तुमचा अंगठा कधीच खराब नव्हता," ताई म्हणाल्या. त्यांची मान वर होत नव्हती. "दर बारीला बराबर लागत व्हता. मीच खोटं बोलत व्हते. मी बँकेची नोकर न्हाई. मला अंगठ्यामागं पैसे भेटतात, ते कंपनीनं कमी केले. सांगायची लाज वाटली, म्हून तुमचा अंगठा परत परत लावून घेतला."

 रांगेतल्या इमामबींनी तोंडावर हात ठेवला. आता शिव्या पडणार, असं मला वाटलं. आजी मात्र अंगठा डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या.

"म्हंजी जित्ता हाय?"

"जित्ता हाय, आजी."

आजी लहान मुलीसारख्या हसल्या आणि त्यांनी तो अंगठा रांगेतल्या सगळ्यांना दाखवला. पैसे कमरेला खोचून दारापर्यंत गेल्या आणि तिथून वळून म्हणाल्या, "पोरी, मला सांगायचं व्हतंस. मी धा बार लावला असता."

ताई टेबलावर डोकं ठेवून रडल्या.

दर काही वाढला नाही. ताई मात्र आता विचारणाऱ्याला खरं सांगतात आणि माझा आवाज कधी बंद करत नाहीत. गोजरआजी वेचणीला जातात, पैसे न्यायला येतात, ताईंशी चार शब्द बोलतात. फक्त मला पदरानं पुसत नाहीत. माझी काच आता ओरखड्यांनी भरली आहे. लवकरच मला कुठल्यातरी कपाटात टाकून देतील. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, एवढं मात्र करा. माझ्यासारखी डबी ज्याच्या हातात दिसेल, त्याला कधीतरी विचारा, तुला यातून काय मिळतं. आणि एखाद्या आजीचा अंगठा लागला नाही असं कोणी म्हणालं, तर आजीच्या अंगठ्याकडे बघण्याआधी माझ्या दिव्याकडे बघा.