कळसाची वाट

अथेन्सहून परतलेल्या अर्पिताला घ्यायला तिचे वडील पुंजाराम स्वतः जालन्याच्या स्टेशनवर आले होते. घनसावंगी मागे पडल्यावर ते जीपवाल्याला म्हणाले, आधी देवळाकडं घे, घरी मंग जाऊ.

गोदेच्या अंगाला असलेल्या त्यांच्या गावात महादेवाचं जुनं देऊळ होतं. काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय नुसतं दगडावर दगड रचलेलं. त्याच्या खांबावरची हंसांची रांग बोटानं चाचपतच अर्पिता मोठी झाली. संभाजीनगरला प्राचीन इतिहास शिकताना तिनं याच देवळावर निबंध लिहिला आणि त्या निबंधामुळंच अथेन्सच्या एका विद्यापीठात एका सत्रासाठी तिची निवड झाली. पडक्या मंदिराचा सुटा दगड मोजायचा, त्याचं चित्र काढायचं, त्यावर आकडा टाकायचा आणि तो होता तिथंच परत बसवायचा, हे ती तिकडं शिकली. आमच्या देवळाची गळती अशीच काढीन, असं तिनं तिथं शिकवणाऱ्या बाईंना सांगितलंही होतं. गेल्या गेल्या फोटो पाठव, असं त्या म्हणाल्या होत्या.

जीप थांबली. समोर सिमेंटचं गुलाबी देऊळ उभं होतं. भिंतींना न्हाणीघरात लावतात तशा फरशा. शिखरावर कळस तेवढा नव्हता.

"तुझ्यासाठी थांबवलाय," पुंजाराम म्हणाले. "गावाला म्हणलं, पोरगी येऊ द्या. तिच्या हातानं चढवू."

आता आपल्याला रडू येईल किंवा संताप तरी येईल, असं अर्पिताला वाटलं. ती वाट बघत उभी राहिली. काहीच आलं नाही. दाराजवळच्या दोन फरशांचा सांधा जुळलेला नाही, एवढं मात्र तिच्या डोळ्यांनी टिपलं.

"छान झालं," ती म्हणाली आणि चपला काढून आत गेली. पिंड तेवढी जुनीच होती.

घरी आईनं, नंदाबाईनं, सगळं सांगितलं. सभामंडपाचा एक दगड निसटून खाली आला आणि पूजेला बसलेली एक बाई थोडक्यात वाचली. गावानं बैठक घेतली. नवं बांधू, असं पहिल्यांदा म्हणाले ते पुंजारामच. लपवायचं कुणाच्या मनात नव्हतं. आनंदाची गोष्ट, लेकीला समोरच दाखवावी, एवढाच विचार. अर्पिता भाकरी खात ऐकत राहिली. चव लागत नव्हती, पण भूक होती, म्हणून तिनं दुसरीही घेतली.

कळसाच्या दिवशी तिला शाल-नारळ दिलं आणि परदेशातल्या वारशाबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. तिकडं जुने दगड फार जपतात, असं ती म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढचं वाक्य तयार होतं. पण पहिल्या रांगेत पुंजाराम नवी टोपी घालून तिच्याकडं बघत होते. ती खाली बसली.

दुसऱ्या दिवशी चुलतभाऊ सोमेश्वर तिला नाल्यावर घेऊन गेला. त्याच्याच ट्रॅक्टरनं जुन्या देवळाचे दगड तिथं आणले होते आणि नव्या पुलाच्या भरावात टाकले होते. वरून मुरूम दाबलेला. एका कडेला हंसांची रांग उलटी झालेली दिसत होती.

"निघतील का, दादा?"

"काढले तर पूल खचंल," सोमेश्वर म्हणाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "कोणी म्हणलं असतं तर बाजूला ठेवले असते गं. कोणी म्हणलंच न्हाई."

दिसत होते तेवढे दगड तिनं मोजले आणि त्यांचे फोटो काढले. हात शिकल्याप्रमाणं बिनचूक चालत होते. फोटो अथेन्सला पाठवले, तर घरात कुणी गेल्यावर लिहावं तसं बाईंचं उत्तर आलं. तुझं दुःख मी समजू शकते, असं त्यात होतं. अर्पितानं ते दोनदा वाचलं. दुसऱ्याच कुणाचं पत्र आपल्या हाती आलं असावं, तसं तिला वाटलं.

संध्याकाळी पुंजाराम तिच्याजवळ येऊन बसले. नाल्यावरचं त्यांच्या कानावर गेलं होतं.

"तू काई बोलली न्हाईस," ते म्हणाले. "शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं."

"मला एकदा विचारायला पाहिजे होतं, आबा."

"तू एवढ्या मोठ्या लोकांत गेल्ती. गावच्या गोष्टीसाठी काय फोन करायचा, असं वाटलं."

त्यात तक्रार नव्हती. त्यांच्या बोटांना सिमेंटनं भेगा पडल्या होत्या. बांधकामावर त्यांनी स्वतः घमेली वाहिली होती. त्या हातावर हात ठेवावा, हे तिला कळत होतं. हात उचलला गेला नाही. चला, जेवून घ्या, असं ती म्हणाली.

जेवताना पुंजारामांनी तिकडच्या देवळाचं नाव विचारलं. पार्थेनॉन, ती म्हणाली. ते चुकले, तिनं सुधारलं, आणि बरोबर येईस्तोवर ते म्हणत राहिले.

"तिथला दगड पडला तर खाली माणसं न्हाई सापडत?"

"तिथं आता कुणी पूजेला येत नाही, आबा."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "मंग सोपं हाय," ते म्हणाले.

अर्पिताला ते खरं वाटलं आणि त्यानं काही फरकही पडला नाही. तिनं त्यांच्या ताटात थोडं वरण वाढलं.