तेवीस जणांच्या खुणा

सोमवारी सकाळी साडेसातला जेनिफर ट्रेंबाथने सहावीच्या वर्गाचं दार उघडलं, तेव्हा चारही भिंती निळ्या कागदाखाली गेलेल्या होत्या. नामाचा तक्ता, क्रियापदांचा तक्ता, विरामचिन्हांची रंगीत पट्टी, सगळं तिने शुक्रवारी स्वतः टाचण्या मारून झाकलं होतं. परीक्षेच्या आठवड्यात मुलांना भिंतीवर एक अक्षरही दिसता कामा नये, असा नियम. घड्याळ तेवढं उघडं होतं, आणि तेही मुख्याध्यापक डेन्झिल हॉकिंगच्या जिवाला लागलं होतं.

"घड्याळही झाकायचं का गं?" शुक्रवारी त्याने तिसऱ्यांदा विचारलं होतं.

"बाराच्या आकड्यावरून कुणाला क्रियाविशेषण सापडणार आहे का?"

"तसं नाही, पण आपलं उगाच नको."

जेनिफरला मात्र कसली धास्ती नव्हती. नेहमीसारखी ती आजही चॅपलवरून आली होती. गेली बावीस वर्षं शाळेच्या आधी दहा मिनिटं ती तिथे गुडघे टेकून बसे आणि एकच मागणं मागे: आज माझ्या तोंडून जे निघेल ते खरं असू दे. मुलांच्या मार्कांसाठी तिने देवाला कधी गळ घातली नाही. ते काम तिचं होतं, आणि यंदा ते तिने चोख केलं होतं.

आठ वाजता मुलं आली. परीक्षेच्या आठवड्यात शाळा न्याहारी देई. लोणी लावलेले टोस्ट, अर्धं अर्धं केळं, पेलाभर दूध. सगळ्यांत शेवटी लव्हडे नॅन्स आली. बापाच्या होडीत खेकड्यांचे पिंजरे चढवून थेट धक्क्यावरूनच आलेली, कोटाला आमिषाच्या मासळीचा वास.

"मिस, माझे चार टोस्ट झाले. पाचवा घेऊ?"

"घे. पण थोडी जागा व्याकरणाला ठेव."

"व्याकरण माझ्या पोटात नाही मिस, हातात आहे," लव्हडे तोंडात घास ठेवूनच म्हणाली.

बाकीची मुलं हसली, पण ते खरंच होतं. अकरा वर्षांच्या या पोरीला वाचताना अक्षरं नाचल्यासारखी वाटत, आणि व्याकरणातली लांबलचक नावं तर तिच्या डोक्यात टिकतच नसत. तिचे दोघे थोरले भाऊ याच वर्गातून गेले होते. सहावी संपली की सप्टेंबरात शहरातल्या मोठ्या शाळेत गेल्यावर या परीक्षेच्या मार्कांवरून तुकड्या पडत. नॅन्सांची पोरं म्हटली की सगळ्यांत खालची तुकडी, हे तिथल्या शिपायालाही तोंडपाठ होतं. लव्हडेला ते मोडायचं होतं. तसं तिने गेल्या सप्टेंबरात सहावीच्या पहिल्याच दिवशी जेनिफरला बजावलं होतं, जणू शिकवायचं काम तिने जेनिफरला नेमून दिलं होतं.

तेव्हा जेनिफरने एक युक्ती काढली. प्रत्येक संज्ञेला हाताची एक खूण. इतर शाळांतूनही अशा खुणा शिकवत, पण त्या सगळ्या वर्गाला एकच. तिनेही आधी तसंच करून पाहिलं होतं, आणि पुढच्या बाकावरच्या एकाने गमतीने चुकीची खूण केली तर मागच्या चार बाकांनी तीच डोळे मिटून केली होती. मुलांना येत काहीच नव्हतं, ती फक्त एकमेकांचे हात पाहत होती. म्हणून यंदा तिने सांगितलं, ज्याची त्याने खूण शोधायची. कुणाची कुणासारखी असता कामा नये.

मुलांना हा खेळ फारच भावला. केरेन्सा विशेषणाला पुढच्या दातावर नख वाजवी. टोबायस सर्वनामाला कानाची पाळी ओढी. लव्हडेने सगळं होडीतून आणलं. शब्दयोगी अव्यय म्हणजे एक तळवा दुसऱ्याखाली सरकवायचा, खेकडा दगडाखाली जातो तसा. उभयान्वयी अव्यय म्हणजे हवेतल्या हवेत दोन दोरांची गाठ मारायची. हात गाठ मारू लागले की नाव आपोआप यायचं, आणि नावाबरोबर अर्थही.

नऊ वाजता डेन्झिलने सर्वांसमोर सीलबंद पाकीट कापलं. तेवढ्यात दारावर टकटक झाली. राखाडी कोटातली एक उंच बाई, गळ्यात ओळखपत्र.

"हॅलेट. परीक्षा पाहायला आले आहे," ती म्हणाली. अशी माणसं न सांगता येतात, दर वर्षी मोजक्याच शाळांत.

डेन्झिलचा चेहरा पांढरा पडला. "चहा घेणार?"

"नंतर बघू." मिसेस हॅलेट मागच्या कोपऱ्यातल्या लहानशा खुर्चीवर गुडघे जवळ घेऊन बसल्या आणि त्यांनी वही उघडली.

पेपर सुरू झाला. पहिली पाच मिनिटं पेन्सिलींचा आवाज, मग हात हलू लागले. केरेन्साचं नख दातावर वाजलं. टोबायसने पाळी ओढली. कुणी गुडघ्यावर तीनदा थापटलं, कुणी नाकाच्या शेंड्याला बोट लावलं, कुणी कॉलरमध्ये हनुवटी खुपसली. तेवीस मुलं, वर्गात चिडीचूप, आणि सगळ्यांचे हात कसल्यातरी कामात. जेनिफरला ते इतकं सवयीचं होतं की मागे बसलेल्या बाईंचं पेन किती भराभर चाललंय, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा अर्धा वेळ सरला होता.

लव्हडेने हात वर केला. ज्याला वाचताना अडतं त्याला प्रश्न मोठ्याने वाचून दाखवता येतो. वाचायचा, पण समजवायचा नाही. जेनिफर तिच्या बाकाशी वाकली आणि हळू, सपाट आवाजात वाचू लागली. "खालच्या वाक्यातल्या उभयान्वयी अव्ययाखाली रेघ ओढा."

वाचता वाचता तिच्या दोन्ही तर्जन्या एकमेकींत अडकल्या. ही तिची स्वतःची खूण, शाळकरी वयापासूनची. मुलांना ती कधी दाखवली नव्हती. नख नखाला लागलं तेव्हा तिला कळलं, आणि तिने हात सोडवले. पण लव्हडेची नजर तिच्या बोटांवर येऊन गेली होती. मग पोरीने बाकाखाली दोन दोरांची गाठ मारली आणि कागदावर रेघ ओढली.

मान वर केली तर मिसेस हॅलेट थेट तिच्याकडे पाहत होत्या.

साडेदहापूर्वी पेपर गोळा झाले, मोजले गेले, पाकिटात बंद झाले. स्पेलिंगचा पेपर सव्वाअकराला होता. मुलांना केशरी बन देऊन वर्गातच बसवलं आणि मोठी माणसं डेन्झिलच्या खोलीत गेली.

"दोन गोष्टी आहेत," मिसेस हॅलेट म्हणाल्या. "तुमची मुलं सबंध वेळ एकमेकांना खुणा करत होती. अशी शाळा मी आजवर पाहिली नाही. आणि दुसरं, एका मुलीला प्रश्न वाचून दाखवताना तुम्ही बोटांनी काहीतरी केलंत."

"खाज सुटली असेल," डेन्झिल घाईघाईने म्हणाला. "थंडीने हिची बोटं फुटतात. हो ना गं?"

जेनिफरने त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षांचा सोबती, मनाने सरळ, पण घाबरला की काहीही बोलणारा. "नाही डेन्झिल. मे महिन्यात कसली आलीय थंडी?" मग ती मिसेस हॅलेटकडे वळली. "मी बोटं अडकवली. ती माझी खूण आहे, त्या संज्ञेची. सवयीने झालं. व्हायला नको होतं. तुम्ही लिहा, खाली मी सही करते."

"मग त्या मुलीचा पेपर बाद होऊ शकतो, हे तुम्हाला माहीत असेलच."

"माहीत आहे."

डेन्झिलने कपाळाला हात लावला. "अगं, लव्हडेचा? वर्षभर राबलीय ती पोर."

"म्हणूनच," जेनिफर म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. "तिच्या मार्कांना खोट्याचा डाग नको. पण मिसेस हॅलेट, माझी चूक लिहाल तशी मुलांची बाजूही बघून लिहा. पेपर तर बंद झालेत. दोन मिनिटं वर्गात चला."

वर्गात मुलांची तोंडं बनने भरलेली होती. "खाणं खाली ठेवा," जेनिफर म्हणाली. "डोळे मिटा. आता या बाई एक नाव सांगतील. ज्याची त्याने खूण करायची."

मिसेस हॅलेटनी वही उघडली. "विशेषण," त्या म्हणाल्या.

तेवीस हात उठले. दात, कान, कोपर, गुडघा. एकाने गाल फुगवला, एकीने वेणी मुठीत धरली. मिसेस हॅलेट रांगांमधून फिरल्या. एकाची खूण दुसऱ्यासारखी नव्हती. त्यांनी आणखी एक नाव घेतलं, मग आणखी एक. शेवटी वही मिटून म्हणाल्या, "यावरून कुणाला कुणाचं काय कळणार?"

"मला तर केरेन्साचं कधीच काही कळत नाही," टोबायस मिटल्या डोळ्यांनी म्हणाला. "बोलली तरी."

"तुझ्याशी बोलून उपयोगच काय," केरेन्सा म्हणाली.

पहिली गोष्ट तिथेच संपली. दुसरी उरली होती. मिसेस हॅलेट लव्हडेच्या बाकाशी गेल्या. "तुला प्रश्न वाचून दाखवताना तुझ्या मिसनी हाताने काही केलं का?"

"हो," लव्हडे म्हणाली. "अशी बोटं अडकवली. मला वाटलं सांधे दुखतात. माझी आजी पण करते."

डेन्झिलने डोळे मिटून घेतले.

"मग त्यावरून तुला उत्तर कळलं का?"

"सांध्यांवरून?" लव्हडेने बाईंकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. मग तिच्या ध्यानात आलं की इथे काहीतरी बिनसलं आहे. तिने जेनिफरकडे, मग डेन्झिलकडे पाहिलं. "माझा पेपर काढून घेणार का?"

तिचे कान लाल झाले, पण ती रडली नाही. ती बाकावरून उठली.

"मग मला विचारा ना. पेपरातलं नको, दुसरं काहीही. मिसना बाहेर घालवा आणि विचारा. मला येतं."

"माझं काम परीक्षा घेण्याचं नाही," मिसेस हॅलेट म्हणाल्या.

"पण तुम्हाला खरं कळायला हवंय ना?"

मिसेस हॅलेटनी डेन्झिलकडे पाहिलं. "मुलीची तयारी असेल तर मी बोलू शकते तिच्याशी. नुसतं बोलणं. तुम्ही खोलीत थांबा, माझ्या मागे."

वाचनालयाच्या लहान खोलीचं दार लागलं आणि जेनिफर वर्गात परतली. भिंतीपलीकडून शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आवाज. मिसेस हॅलेटचा एक शब्द, मग शांतता, मग लव्हडेचा आवाज. मग पुन्हा तसंच. जेनिफरने चॅपलमध्ये न मागितलेली गोष्ट इथेही मागितली नाही. ती टेबलावरचे बनचे तुकडे गोळा करत राहिली आणि मनात म्हणत राहिली, हिला येतं. मी शिकवलंय, ती शिकलीय, तिला येतं. एकदा शांतता फार लांबली. त्या वेळी तिच्या हातातला तुकडा चुरून गेला. मग पोरीचा आवाज पुन्हा आला, आणि मग चक्क मिसेस हॅलेटचं हसणं.

अकराला पाच कमी असताना दार उघडलं.

"दहा विचारली," मिसेस हॅलेट म्हणाल्या. "नुसती नावं नाहीत, प्रत्येकाचं वाक्यही करायला लावलं. सगळी वाक्यं खेकड्यांवर. नऊ बरोबर आली."

"आणि दहावं?"

"दहाव्याला तिने दोन मिनिटं विचार केला, आणि म्हणाली, हे येत नाही, उगाच ठोकून देत नाही." त्यांनी वही पिशवीत घातली. "तुमची बोटं मी लिहिणार आहे, मिसेस ट्रेंबाथ. ते लिहावंच लागेल."

"लिहा."

"आणि तुम्ही ती स्वतः कबूल केलीत, तेही लिहीन. तेवीस खुणा लिहीन. आणि ही पोर. निर्णय माझा नाही, पण माझ्या मते तिला तुमच्या बोटांची काडीइतकी मदत झाली नाही." दाराशी त्या थांबल्या. "तो चहा अजून मिळेल का?"

डेन्झिल जवळजवळ धावतच गेला.

स्पेलिंगच्या पेपरला जेनिफर शब्द वाचून दाखवत होती तेव्हा तिने दोन्ही हात पाठीशी बांधले होते. कुणी तसं सांगितलं नव्हतं.

पुढचे दोन आठवडे डेन्झिल रोज टपालवाल्याच्या आधी फाटकाशी जाऊन उभा राहू लागला. "तू कशी गं इतकी शांत?" तो चिडून म्हणायचा. "मी खाज म्हटलं होतं. खाजेवर विषय मिटला असता."

"मिटला असता. मग मला रोज तिच्या तोंडाकडे बघताना खाज सुटली असती," जेनिफर म्हणाली.

तिसऱ्या सोमवारी परीक्षा मंडळाचं पत्र आलं. दोन ओळींचं. लव्हडे नॅन्सचा पेपर इतरांबरोबर तपासला जाईल, आणि जेनिफर ट्रेंबाथने पुढच्या वर्षी परीक्षेआधी देखरेखीचं एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यावं. डेन्झिलने ते तीनदा वाचलं आणि खुर्चीत बसला.

जेनिफर पत्र घेऊन मैदानावर गेली. लव्हडे बॅट खांद्यावर टाकून आपल्या पाळीची वाट पाहत होती. जेनिफरने तिला बाजूला घेऊन सांगितलं.

"बरं," लव्हडे म्हणाली.

"बरं? बस, एवढंच?"

"मला येत होतं ना मिस. मग दुसरं काय होणार होतं?" मग तिने विचारलं, "तुमच्यावर रागावले का ते?"

"एक दिवस शाळेत बसवणार आहेत मला."

लव्हडेने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "पहिल्या बाकावर बसा. मागे बसलं की लक्ष राहत नाही," ती म्हणाली, आणि तिचं नाव पुकारलं गेलं तशी बॅट फिरवत पळाली.