माणसं नसलेला समुद्र

माझा भाऊ प्रसेनजित जर्मनीत असतो. यंदा त्याची आईबापावरची माया उतू गेली आणि त्याने दोघांना मायोर्का नावाच्या बेटावर न्यायचं ठरवलं. पासपोर्ट आले, व्हिसा झाला. चिखलीत आमच्या गल्लीत ही बातमी आईने स्वतः दारोदार पोचवली. मग डबाभर चिवडा केला.

"एवढा कोण खाईन?" मी विचारलं.

"समुद्रावर माणसं राह्यतात ना धम्मे. बाजूले कोणी बसलं तं त्याच्या हातावर काही ठेवा लागते."

आईने समुद्र पाहिलाय तो फक्त दादरचा, सहा डिसेंबरला. चैत्यभूमीच्या रांगेतून बाहेर पडलं की वाळूवर बसायचं, शेजारच्या बाईला गाव विचारायचं, भाकरीचं गठुडं दोघींत सोडायचं. समुद्र माणसांनी भरलेलाच असतो, अशी तिची पक्की समजूत.

काल व्हिडिओ कॉलवर प्रसेनजितने नकाशा दाखवला. बेटावर गर्दी फार, पण यानं शोधशोध शोधून एक किनारा काढला होता. गाडी लांब लावायची, खडकातून खाली उतरायचं. तिथे कोणी म्हणजे कोणी येत नाही.

"कोणीच नाही?" आईचा चेहरा पडला. "मंग तिथं करा काय?"

"शांतता असते, आई."

बाबांनी फोन आपल्याकडे वळवला. "मोठ्या किनाऱ्यावर काऊन नाही नेत?"

प्रसेनजित घुटमळला. "तिकडे माझे ऑफिसवाले असतात, बाबा. आई लुगड्यात पाण्यात उतरणार, ओळख ना पाळख, कोणाशीही बोलायला जाणार. तुमच्यासाठी वेगळी जागा बघितली, एवढंच."

वेगळी! हा शब्द बाबांसमोर काढू नये, एवढं तरी या शिकलेल्या गाढवाला कळायला हवं होतं. बाबांच्या लहानपणी नदीवर आमच्या लोकांची पाण्याची जागा वेगळी होती, वर गुरं धुतली की तेच पाणी तिथे यायचं.

"वेगळी जागा पाह्यली मी," बाबा म्हणाले. "ते पाहाले इमानात बसा नाही लागत."

"तुम्ही कुठलं कुठे नेता, बाबा!"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण आईच पुढे सरकली. पोराला तिने दोन वर्षांत समोरासमोर पाहिलं नव्हतं.

"बाबू, मी लुगडं नाही नेसत. धम्मीचा पंजाबी ड्रेस घालते. बोलत बी नाही कोणासंग. मंग तं चालीन?"

त्याने खाली पाहिलं.

"तरी तोच किनारा बरा पडेल, आई."

फोन आईने बंद केला. बाबा काही बोलणार, तर त्यांना तिने हातानेच थांबवलं. मग माझ्याकडे वळली.

"धम्मे, कोणी इचारलं तं सांगजो, बुढीचे गुडघे धरले म्हणून नाही गेली. त्याचं नाव नको काढजो."