तासाला तास

स्पर्धेच्या पहिल्या दिवशी सकाळी दीक्षाची मशीनं चारचाकीच्या मागच्या सीटवर गादी घालून आली आणि ऐश्वर्याची मशीनं छोटा हत्ती टेम्पोतून, भाताच्या पिंजरावर आडवी पडून. कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉलमध्ये ती शेजारशेजारच्या टेबलांवर लागली, तेव्हा कुणाची कोणती हे सांगावं लागलं नाही. दीक्षाकडची सहा काळी, तुकतुकीत, पोटात निळे दिवे असलेली. ती तिचा जोडीदार अभिनंदन मगदूम याच्या चुलतभावाची, चिरागची होती. जयसिंगपूरला त्याचं कंप्युटरवर गेम खेळायचं दुकान होतं आणि दोन दिवस दुकान बंद ठेवायला तो कसा तयार झाला, ते अभिनंदनच जाणे. ऐश्वर्याची सहा पिवळी पडलेली. कोडोलीकडच्या तिच्या कॉलेजनं लॅबमधून काढून कोपऱ्यात रचलेली ती मशीनं तिनं आणि तिच्या जोडीदारानं, राजवीरनं, झाडूनपुसून, एकाचा पंखा दुसऱ्याला बसवून चालू केली होती.

स्पर्धा होती ग्रिडची. ग्रिड म्हणजे काय, तर एकट्या कंप्युटरला न झेपणारं गणित फोडायचं, तुकडे अनेक कंप्युटरांना वाटायचे आणि सगळ्यांची उत्तरं गोळा करून एक उत्तर काढायचं. उद्घाटनाला तीन पाहुण्यांनी हे तीन वेळा समजावून सांगितलं. नमनाला घडाभर तेल गेलं. दीक्षासारख्या शिरोळच्या माणसाला ते एकदाही सांगायची गरज नव्हती. उसाची भांगलण अशीच होते. एकटी बाई बसली तर तण तिच्या पुढं पळतं, दहा बसल्या तर दुपारी रान मोकळं.

गणित सगळ्यांना एकच होतं. कृष्णा-पंचगंगेला पूर आला तर पाणी कुठवर चढेल, हे पावसाचे हजारो अंदाज घेऊन काढायचं. दुसऱ्या दिवशी चार तास मिळणार आणि जी जोडी आधी पुरं करील तिला पुण्याच्या एका संशोधन संस्थेत सहा महिने महासंगणकावर काम शिकायला मिळणार. अभिनंदनला पुण्याचं फारसं काही नव्हतं, त्याला फक्त हरायचं नव्हतं. दीक्षाला मात्र ते हवं होतं. हवं म्हणजे किती, तर दोन महिने ती त्या संस्थेच्या हॉस्टेलच्या खोल्यांचे फोटो बघत झोपत होती आणि कोणत्या खिडकीजवळची खाट घ्यायची, तेही तिनं ठरवून टाकलं होतं.

आता पैऱ्याचं सांगायला हवं, कारण सगळं घोडं तिथंच पेंड खाणार होतं. दीक्षाच्या आईचं, अंजनाचं, नदीकडेला वीस गुंठे रान आहे. एवढ्याशा रानाला मजूर लावणं परवडत नाही. मग पैरा करायचा. आज तुमच्या घरची बाई आमच्या रानात, उद्या आमची तुमच्या रानात. पैशाचा संबंध नाही. मात्र पैरा मागितला की जायचं. आपला ऊस उभा आहे, पाहुणे आलेत, असलं काही सांगायचं नाही.

दीक्षानं हाच पैरा प्रोग्रॅममध्ये घातला होता. पहिल्या दिवशी प्रत्येक जोडीला चाचणीसाठी वेगवेगळे दोन तास मिळत आणि बाकीच्यांची मशीनं तेवढा वेळ नुसती फणफणत बसत. नियमात एकमेकांची मशीनं वापरायला मुभा होती. दीक्षा टेबलाटेबलावर जाऊन विचारून आली. माझ्या वेळेला तुमची द्या, तुमच्या वेळेला माझी घ्या. घेतल्यादिल्याचा हिशेब प्रोग्रॅम ठेवील आणि ज्याचं येणं असेल त्यानं मागितलं की आपोआप फेडील. शहरातल्या जोड्यांनी तिला हसून वाटेला लावलं. ऐश्वर्या म्हणाली, "आमची घेशील? खटारा हायत बघ."

"मशीनच हायत न्हवं?" दीक्षा म्हणाली.

दीक्षाची चाचणी सकाळी झाली. ऐश्वर्याची सहाही मशीनं पूर्ण दोन तास तिच्यासाठी राबली. दुपारी ऐश्वर्याची पाळी आली आणि वीज गेली. आली ती चाचण्यांची वेळ संपल्यावर. आयोजकांनी हात जोडून माफी मागितली आणि सगळे घरी गेले. ऐश्वर्याचा पैरा फेडायचा राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी गणित सुरू झालं आणि दीड तासात दीक्षा सगळ्यांच्या पुढं गेली. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक जोडीची पट्टी भरत होती. तिची अर्ध्याच्या पलीकडं गेली, तेव्हा दुसरं कुणी तिच्या आसपास नव्हतं. अभिनंदननं भडंगाची पुडी फोडायला घेतली आणि तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून जळका वास आला. ऐश्वर्याचं एक मशीन बसलं होतं. आधीच पाच-दहा वर्षांची मशीनं, त्यात हे. दुष्काळात तेरावा महिना. राजवीरनं पट्टीकडं बघितलं, ऐश्वर्याकडं बघितलं. ऐश्वर्यानं आपल्या स्क्रीनवरचं 'पैरा मागा' हे बटण दाबलं.

दीक्षाच्या स्क्रीनवरचे सहा हिरवे चौकोन एकदम पिवळे झाले. तिची पट्टी थांबली. पडद्यावर ऐश्वर्याची पट्टी मात्र वारं प्यायल्यासारखी पळायला लागली.

"हे काय झालं?" अभिनंदन म्हणाला.

"पैरा मागितला तिनं."

"किती वेळ?"

"दोन तास."

अभिनंदननं पुडी खाली ठेवली, खुर्ची ओढली आणि प्रोग्रॅम उघडून वर-खाली वाचला. 

"दीक्षे, तू तासाला तास धरलायस."

"मग काय धरायचं?"

"काम धरायचं की. तिच्या खटाऱ्यांनी दोन तासांत जेवढं केलं, तेवढं आपली मशीनं पंधरा मिनिटांत करतील. पंधरा मिनिटांत पैरा फिटला. उरलेला वेळ तू फुकट वाटाय लागलीस."

दीक्षानं ती ओळ पुन्हा वाचली. तो खरं बोलत होता. कुणाही कंप्युटरवाल्यानं काम कामानंच मोजलं असतं. प्रोग्रॅम लिहिताना तिच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. पैऱ्यात माणसाला माणूस असतो, दिवसाला दिवस असतो; याच्या पलीकडं काही मोजायचं असतं हे तिला कुणी कधी दाखवलंच नव्हतं.

"एक ओळ बदल," अभिनंदन म्हणाला. "यात लबाडी न्हाय काही. उलट चूक दुरुस्त हुतीया."

दीक्षाची बोटं कीबोर्डवर गेली. ओळ सापडलीही. आणि तिथं दीक्षा थांबली.

"अभि, माझ्या आईचा खांदा निखळला होता ते आठवतंय?"

"आता हे कुठनं काढलंस?"

"तुमच्या रानात आली होती पैऱ्याला. मी बी होते. बाकीच्या बायकांच्या भांगलून दोन पाती झाल्या की तिची एक व्हायची. तू बांधावर उभा राहून मोठ्यानं म्हणालास, हिचं अर्धंच झालंय."

अभिनंदनचा चेहरा उतरला. तो तेव्हा सातवीत होता, पण तो दिवस विसरण्यासारखा नव्हता. त्याच्या आज्जीनं सगळ्या बायकांसमोर त्याचा कान धरला होता. माणूस आलंय न्हवं, मग माणूस धरायचं, पात कोण मोजतंय, असं ती म्हणाली होती. आणि दुसऱ्या दिवशी अंजनाच्या रानात मगदुमांच्या घरून पैरा फेडायला कोण गेलं, तर घरातली सगळ्यात दणकट बाई, अभिनंदनची आई. अर्ध्या दिवसाला नाही, पुऱ्या दिवसाला.

"ही ओळ बदलली," दीक्षा म्हणाली, "तर आईचा त्या वर्षीचा पैरा अर्धाच होता असं मीच म्हटल्यासारखं हुईल. आणि काम घेताना तासाला तास म्हणून घेतलंय. फेडायच्या वक्ताला माप बदलायचं?"

"मग पुणं?"

 पुणं म्हटल्याबरोबर ती खाट, ती खिडकी दीक्षाच्या डोळ्यांसमोर आली आणि डोळे भरले. "मशीनं तुझी हायत," ती शेवटी म्हणाली. "नुसत्या माझ्या जिवावर हे व्हायचं न्हाय. तू म्हणशील तर बदलते."

अभिनंदन उठला आणि हॉलबाहेर गेला. तो परत येईपर्यंत दीक्षानं ओळीला हात लावला नाही, पण नजरही काढली नाही. त्यानं चहाचे दोन कप आणले होते. एक तिच्यापुढं आदळला, निम्मा टेबलावर सांडला. "पी," तो म्हणाला. "आणि ती फाइल बंद कर. बघवत न्हाय मला."

दोन तास भरले तेव्हा चौकोन पुन्हा हिरवे झाले आणि दीक्षाची पट्टी हलली. हातात अर्धा तास उरला होता, काम तासाभराचं होतं. वेळ संपायच्या थोडं आधी ऐश्वर्याची पट्टी भरली. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या. भंगारातल्या मशीनांनी बाजी मारली म्हणून एका पाहुण्यांनी माइकवर कौतुक केलं. खरी गोष्ट तीन-चार माणसांनाच ठाऊक होती.

त्यातल्या एक परीक्षक मॅडम. त्या पुण्याहून आल्या होत्या आणि प्रत्येक जोडीचा प्रोग्रॅम त्यांनी स्वतः वाचला होता. दीक्षाच्या टेबलाशी येऊन त्यांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"वेळेला वेळ? मशीनची ताकद कुठंच धरलेली नाही. ही फार प्राथमिक चूक आहे, कळतंय ना?"

"व्हय, मॅडम," दीक्षा म्हणाली. "लिहिताना चूकच होती. आज दुपारपासून न्हाय."

मॅडमनी तिच्याकडं चष्म्यावरून बघितलं, काही विचारावं असं त्यांना वाटलं असावं, पण पुढची जोडी थांबली होती. पहिल्यानंतरचे क्रमांक प्रोग्रॅमच्या मार्कांवर ठरत; त्यांनी मार्क कापले आणि पुढं गेल्या. दीक्षा-अभिनंदन तिसरे आले. तिसऱ्या क्रमांकाला प्रशस्तिपत्र आणि एक पाण्याची बाटली होती.

दीक्षा स्वच्छतागृहात जाऊन मनसोक्त रडली. आपण बरोबर केलं, याचा तिला त्या वेळी काडीचाही आधार वाटला नाही. वाटला तो राग. ऐश्वर्याचा, स्वतःचा, वीज गेल्याचा, पैरा काढला त्या पहिल्या माणसाचासुद्धा. तोंड धुऊन ती परत आली तेव्हा सगळे वायरी गुंडाळत होते आणि तिच्या टेबलाशी ऐश्वर्या उभी होती.

"मला म्हाईत होतं," ऐश्वर्या म्हणाली. "पंधराव्या मिनिटालाच राजवीर म्हणाला, आपलं फिटलं, बंद करूया. मी न्हाय म्हटलं. मला वाटलं तू बंद करशील. तू केलं न्हाईस, तरी मी न्हाय केलं."

अभिनंदन काहीतरी टोचून बोलणार होता. दीक्षानं त्याला हातानं थांबवलं. "तुझं दोन तासांचं येणं होतं. तू दोन तास घेतलंस. त्यात काय चुकलं?" ते खोटं नव्हतं. ती खाली वाकली आणि दोन्ही टेबलं जोडणारी मुख्य वायर ओढायला हात घातला. वेळ संपल्यावर थांबलेल्या तिच्या पट्टीचा शेवटचा तुकडा तसाच उरला होता.

"थांब," ऐश्वर्या म्हणाली. "ती नको काढू. तुमची न्यायची असली तर न्या. आमची पाच अजून चालू हायत, ती लावते तुझ्या कामाला."

"आता कशाला? निकाल लागला की."

"काम ऱ्हायलंय न्हवं?"

चिरागचा तोवर तीनदा फोन आला होता. जयसिंगपूरला पोरं दुकानाच्या दारात उभी होती. काळी मशीनं गाडीत गेली. पिवळी मशीनं घरघरत कामाला लागली, पट्टी मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. चौघं खुर्च्या जवळ ओढून बसले. अभिनंदननं भडंगाची पुडी मधे ठेवली. पैऱ्याला आलेल्या माणसाला जेवू घालायचं असतं, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. राजवीरनं पहिली मूठ भरली.

"हे तास तुझ्या अंगावर चढाय लागलेत बरं का," ऐश्वर्या म्हणाली. "आणि आमची मशीनं सावकाश हायत. लई चढतील."

"चढू देत की," दीक्षा म्हणाली. "पुण्याला जाऊन ये. आलीस की माग."

दिवसभरात पुण्याचं नाव तिच्या तोंडून पहिल्यांदाच धड निघालं. पट्टी भरायला अजून बराच वेळ होता आणि कुणालाच घाई नव्हती.