सहावा गडी

परभणीतल्या त्या सरकारी कचेरीत संगणकाच्या खोलीत शिरायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. धुळीनं यंत्र बिघडतं, असं मुंबईहून आलेला कारागीर बजावून गेला होता. म्हणून दाराशी चपलांची रांग, आत गार हवा, ओढलेले पडदे, आणि मधोमध निळ्या कापडाखाली झाकलेला तो एकुलता एक संगणक. या देवाचा पुजारी नागनाथ. सव्वीस वर्षांचा. पिंगळीहून सकाळच्या पॅसेंजरनं यायचा, पाय पुसून आत जायचा, कापडाची घडी घालायचा आणि दिवसभर पावसाचे नि पिकांचे आकडे यंत्रात भरायचा. कचेरीत धड इंग्रजी वाचणारा तोच एक.

ब्याण्णवच्या दिवाळीनंतर त्या खोलीत दुपारच्या सुट्टीत खेळ मांडला जाऊ लागला. वरिष्ठ कारकून चंद्रभानराव यांच्या पुण्याच्या मेव्हण्यानं त्यांना एक फ्लॉपी दिली होती. त्या फ्लॉपीत एक पाताळ होतं. जमिनीखाली आठ मजले, अंधाऱ्या गल्ल्या, कोळी, सापळे, कुलूपबंद पेटारे, आणि सगळ्यांत खाली एक मणी. सहा जणांची टोळी करायची, भारुडात सोंग घ्यावं तसं एकेकानं एकेक सोंग घ्यायचं, कुणी लढवय्या, कुणी मांत्रिक, कुणी चोर, आणि पायरी पायरीनं खाली उतरायचं.

चंद्रभानराव हातात वही घेऊन बसत. माणूस मोठा नेटका. भर उन्हाळ्यात छत्री दुरुस्त करून ठेवणारा, मुलगी चौथीत असताना तिच्या लग्नाच्या मांडवाची जागा बघून ठेवलेला. आलेखाच्या कागदावर एकेका मजल्याचा नकाशा ते टोकदार पेन्सिलीनं काढत. म्हणत, "गड्यांनो, पुढचं बघून खेळावं. समोर राक्षस आल्यावर दिमाग चालवणारा मेला म्हणून समजा. इंतजाम आधी पायजे."

तिसरा गडी दत्तराव, आवक-जावक बघणारा. त्याला मण्याशी घेणंदेणं नव्हतं, मारामारी बघायला मिळाली की झालं.

नावं ठेवायच्या दिवशी प्रत्येकानं दोन दोन दिली. चंद्रभानरावांनी एक स्वतःचं आणि एक थोरल्या भावाचं, तात्यारावांचं. दत्तरावनं एक स्वतःचं आणि एक सासूचं.

"चतुराबाई लिही," तो म्हणाला. "कुऱ्हाड दे तिच्या हातात. राक्षसाला बी कळू दे मी सणवार कसे काढतो ते."

नागनाथनं एक स्वतःचं दिलं. दुसऱ्या नावापाशी त्याची बोटं थांबली. मग त्यानं सावकाश एकेक कळ दाबून लिहिलं: सिताराम.

"हे कोन?" चंद्रभानरावांनी विचारलं.

"वडील. वारले."

"वा. चांगलं केलंस," ते म्हणाले, आणि त्यांनी वहीत लिहून घेतलं.

कसे वारले, ते कुणी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. पिंगळीच्या शिवारात एक जुनी विहीर होती, पाच वर्षं झाकून पडलेली. मालकाला गाळ काढायचा होता. बंद विहिरीच्या तळाला वायू साचतो हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. आधी कंदील सोडून बघायचा असतो. विझला तर कुणी उतरायचं नाही. पण कंदील होता मालकाच्या घरी, आणि सिताराम होता जवळ. म्हणून आधी सिताराम सोडला. दोराला तीन हिसके आले आणि मग दोर ढिला पडला. बाहेर काढला तेव्हा तोंडात, नाकात, कानात काळा गाळ होता. त्या गाळाचा वास नऊ वर्षांच्या नागनाथच्या नाकात जो बसला तो बसला. लोक मालकाची तारीफ करत होते, मयतीला लाकडं दिली म्हणून.

गीताबाई, त्याची माय, अजून डाळ भरडताना जात्यावर गुणगुणायची:

पायरी पायरीनं, माझा धनी उतरला
पाण्यानं निरोप, कसा न्हाई धाडला

तर नागनाथनं हे नाव उगाच लिहिलं नव्हतं. खेळ होता, पोरकटपणा होता, त्यालाही कळत होतं. पण बाप एकदा जमिनीखाली उतरावा, हातात काही असावं, बरोबर पाच माणसं असावीत, आणि तो परत वर यावा, एवढं त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. मणी कुणीही घ्यावा.

आणि त्या खोलीत त्याला बरं वाटायचं हेही खरं. बाहेर नावावरून मराठवाडा चौदा वर्षं धुमसत होता. विद्यापीठाच्या नामांतराचा विषय निघाला की कचेरीतली माणसं त्याला बघून गप्प व्हायची. चंद्रभानराव मात्र हाक मारून बोलवायचे, स्वतःच्या शेजारी खुर्ची ओढून द्यायचे, त्याच्या डब्यातली अंबाडीची भाजी मागून खायचे. आपल्याला माणसात धरणारा एक माणूस या कचेरीत आहे, असं त्यानं मायलाही सांगितलं होतं.

मजले उतरत गेले. पडद्यावरचं इंग्रजी नागनाथ वाचायचा, मराठीत सांगायचा, बाकीचे ठरवायचे, आणि कळाही तोच दाबायचा. दुसऱ्या मजल्यावर ढाल सापडली, ती तात्यारावांना. तिसऱ्यावर चिलखत, ते चतुराबाईला. अमृताच्या कुप्या मिळायच्या, त्या चंद्रभानराव वापरूच देत नसत, शेवटच्या राक्षसासाठी राखून ठेवत.

"सितारामला कायतरी द्या की," नागनाथ म्हणायचा. "उघडाच फिरायलाय."

"देऊ की. त्याचं पुढं बघू."

पेटारा उघडताना कधी विषाची सुई निघायची, कधी आग. म्हणून पेटारे सिताराम उघडायचा. अंधाऱ्या गल्लीत पहिलं पाऊल सिताराम टाकायचा. "घाल रे तुज्या बापाला पुढं," दत्तराव हसत म्हणायचा, आणि नागनाथ कळ दाबायचा. एकदोनदा तोही हसला होता.

डिसेंबरातल्या एका शनिवारी साहेब दौऱ्यावर गेले आणि दुपारनंतर कचेरी ओस पडली. तिघं सुट्टी संपली तरी उठले नाहीत. तीनच्या सुमाराला टोळी आठव्या मजल्यावर एका दगडी दारासमोर येऊन थांबली.

"आलं," चंद्रभानराव म्हणाले. त्यांनी वही मागून पुढं चाळली, मेव्हण्यानं सांगितलेलं काही पहिल्याच पानावर बघून घेतलं, मान डोलावली. तोंडात पान भरलेलं होतं, बोलता येईना. वही टेबलावर तशीच ठेवून ते थुंकायला बाहेर गेले.

नागनाथनं वही ओढली ती नकाशासाठी. पहिल्या पानावर तारीख होती, त्याला खेळायला बोलावलं त्याच्या आदल्या दिवसाची. खाली ते सुरेख, मोत्यासारखं अक्षर:

'आठव्या मजल्यावर दगडी दार. एक जण बाहेर ठेवल्याशिवाय उघडत नाही. ठेवलेला परत येत नाही. तरी सहावा गडी आधीपासून दारासाठी धरावा. त्याला ढाल, चिलखत, अमृत देऊ नये, वाया जाईल. पेटारे त्याच्याकडूनच उघडावेत. नागनाथला घ्यावा. इंग्रजी वाचतो. दोन नावं देईल, त्यातलं एक दाराला.'

त्यानं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्याला गाळाचा वास आला. गार हवेच्या, फिनेलच्या त्या स्वच्छ खोलीत सडक्या पाण्याचा, कुजक्या पाल्याचा तो वास असा भपकन आला की त्यानं हातानं नाक धरलं. अंबाडीची भाजी आठवली. डब्यातून घास उचलणारी ती तेलकट बोटं आठवली. त्या घासाच्या आधीच हे पान लिहून झालं होतं.

कुणी दावा धरून लिहिलं असतं तर राग तरी आला असता. इथं दावा नव्हता. बी-बियाणं आणून ठेवावं, गोवऱ्या रचून ठेवाव्यात, तसा एक माणूस आणून ठेवला होता.

चंद्रभानराव ओठ पुसत आत आले. लाल थेंब हनुवटीवर तसाच होता.

"काय म्हणायलाय दार? वाच."

पडद्यावर हिरव्या अक्षरांत प्रश्न उभा होता. नागनाथनं हात कळांवरून उचलले.

"वाच की रं."

"तुमी वाचा."

दत्तरावनं पुढं वाकून अक्षरं जुळवायला सुरुवात केली. "हू... विल... स्टे... कोन ऱ्हाईल, असंच ना? मागं कोन ऱ्हाईल."

"सिताराम लिही," चंद्रभानराव म्हणाले. पेन्सिल सरळ धरून नकाशावर ते दारापुढची चौकट आखायला लागलेही होते.

"मी वाचलं, चंद्रभानराव," नागनाथ म्हणाला. "पयलं पान."

पेन्सिल थांबली. पण त्यांच्या तोंडावर लाज उमटेल असं नागनाथला वाटलं होतं, ती उमटली नाही. चोरी पकडलेल्या माणसाचं नव्हे, शाबासकीची वाट बघणाऱ्या माणसाचं तोंड होतं ते.

"मंग तर बरंच झालं. बघितलंस ना? पयल्या दिवशीच धरून ठेवलं हुतं. एक ढाल, एक चिलखत वाया गेलं न्हाई."

"माजा बाप हाय त्यो."

"अरे, नाव हाय नुसतं. तुज्या बापाला कोन काय करायलाय?" ते समजुतीनं म्हणाले. "बरं, तुला लागत असंल तर दुसरं घे. नागनाथ लिही."

दत्तराव खो खो हसला, मग त्यानं नागनाथकडं पाहिलं. "माजी सासू घाला," तो चाचरत म्हणाला. "मला चालतंय."

"तिला चिलखत दिलंय. येडा का तू?"

"मंग तुमचं लिहू," नागनाथ म्हणाला. "चंद्रभान."

चंद्रभानरावांना खरोखरच हसू आलं. चिडून नाही, एखाद्या लहान लेकरानं काही विचारावं तसं. "माजं कसं लिहितोस? मी नकाशा धरून हाय. मीच मागं ऱ्हायलो तर पुढचं बघंल कोन?"

विहिरीच्या काठावर मालकही असाच उभा असेल. रागानं नाही, दुष्टपणानं नाही. दोर धरायला कोणीतरी लागतं म्हणून. आणि इतके दिवस इथं दोर सोडत कोण होतं? त्यानं स्वतःच्या बोटांकडं पाहिलं. प्रत्येक पेटारा या बोटांनीच उघडायला लावला. प्रत्येक अंधारात बापाला या बोटांनीच ढकललं. त्याला ती बोटं पँटीला पुसावीशी वाटली.

त्यानं टोळीचं तोंड फिरवलं.

"हे काय करायलास?"

"वर चाललो."

"आरं, दार समोर हाय!"

चंद्रभानरावांचा हात कळांकडं आला. नागनाथनं मान न वळवता सांगितलं, "हात लावू नका. यंत्र माज्या सहीवर हाय."

हात जिथल्या तिथं थांबला. कायद्याचं बोलणं चंद्रभानरावांना लगेच कळायचं.

सातवा मजला. वाटेत सापळे आडवे आले. त्यानं तात्यारावांची ढाल काढून सितारामला दिली. तरी एक घाव बसला, सितारामच्या नावापुढचा जिवाचा आकडा तीनवर आला. त्यानं अमृताची कुपी फोडली.

"ते शेवटच्या राक्षसाला ठेवलंय," चंद्रभानराव कळवळून म्हणाले. बाहेर ठेवायच्या माणसासाठी न कळवळलेला तो आवाज कुपीसाठी कळवळला.

सहावा मजला. पाचवा. चतुराबाईचं चिलखत काढून सितारामच्या अंगावर घातलं. चौथ्यावर कोळ्यांनी घेरलं. पुन्हा कुपी. पुन्हा एक. आता पहिलं पाऊल खेळातला नागनाथ टाकत होता आणि सिताराम सगळ्यांत मागं, पाच माणसांच्या आड. खोलीत कळांचा टकटक आवाज तेवढा होता. दत्तराव पुढं वाकून बघत होता. दुसऱ्या मजल्यावर तो हळूच म्हणाला, "डावीकडं सुई हाय बग," आणि चंद्रभानरावांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो खुर्चीत मागं सरकला.

शेवटची कुपी पहिल्या मजल्यावर संपली. मग पायऱ्या आल्या. एक, दोन, तीन, आणि पडद्यावरचा काळोख सरून हिरव्या रेघांचं गाव उभं राहिलं. वेस, सराई, आणि सहा नावं एकाखाली एक. सगळ्यांत खाली सिताराम, जिवंत, ढाल-चिलखतासकट.

नागनाथ त्या नावाकडं बघत राहिला. या एका क्षणासाठी तो दीड महिना खाली उतरत होता. आतून काही उमलेल असं त्याला वाटलं होतं. उमललं काहीच नाही. बाप वर आला होता, पण ज्या हातांनी वर काढला त्यांनाच वास येत होता, आणि शेजारी तेलाचा, कात-चुन्याचा उबट श्वास घेत एक माणूस बसला होता, ज्याला घडलं काय हे अजूनही कळलं नव्हतं.

त्यानं सिताराम आणि नागनाथ ही दोन नावं टोळीतून काढून सराईत ठेवली. फ्लॉपी ओढून चंद्रभानरावांपुढं सरकवली. यंत्र बंद केलं, वर निळं कापड घातलं, चारी कोपरे सारखे केले.

चंद्रभानराव वहीचं कोरं पान उघडून बसले होते. अपमान, भांडण असलं काही त्यांच्या मनात नव्हतं. ते विचारात होते.

"म्हंजे आता दोघं नवीन बघावे लागतील," ते म्हणाले. पेन्सिलीचं टोक त्यांनी जिभेला लावलं. "सहाव्याचं तर काय, कुनी बी चालंल. वाचणारा मातर पायजे. नागनाथ, सोमवारी येतूस ना?"

"कामाला येईन," नागनाथ म्हणाला.

पिंगळीवरून पूर्णेकडं जाणारी गाडी निघायला अजून वेळ होता. तो नळापाशी गेला आणि हात धुवायला लागला. चंद्रभानरावांच्या पानाचा लाल ओघळ मोरीच्या कडेला ओला होता. त्यावर त्यानं दोन तांबे पाणी ओतलं. ओघळ पसरला, फिकट झाला, आणि त्याच्या पायांकडं वाहत आला.