झेरॉक्स

क्लबात त्याला सगळे झेरॉक्स म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर असे, तेवढंच. बास्केटबॉल खेळायचा पगार मिळे, पण काम भलतंच होतं. शनिवारी ज्या संघाशी गाठ असेल, त्यातला सगळ्यात भारी खेळाडू व्हिडिओवर बघायचा आणि आठवडाभर प्रॅक्टिसमध्ये तो व्हायचं. तो डावीकडून घुसत असेल तर याने डावीकडून घुसायचं, तो उडी मारताना पाय झाडत असेल तर यानेही झाडायचा. बाकीचे याला अडवायला शिकत आणि शनिवारी खऱ्याला अडवीत. तेव्हा हा बेंचवर टॉवेल घेऊन बसलेला असे.

या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. म्हणून तर एका क्लबाने सोडलं की दुसरा उचलायचा. गावामागून गावं झाली. दर वेळी बायकोने नवी नोकरी शोधली, नवे शेजारी जोडले. बाई हसतमुख. तो जेवायला बसला की त्याच्या बसण्याकडे बघून विचारायची, "या आठवड्यात कोण पाहुणे आलेत आमच्याकडे?" तोही हसायचा. अशा थट्टेत काही हरवतंय, हे कुणाच्या डोक्यात येतं?

यंदा मात्र तिने पाय रोवले. औषधांच्या दुकानात तिला कायमची नोकरी लागली होती. "मी आता बिऱ्हाड हलवणार नाही," ती म्हणाली. "तू इथेच काहीतरी जमव." तिचा आवाज अगदी शांत होता.

आणि नशीब बघा, हंगामातला शेवटचा सामना दोन दिवसांवर असताना संघाच्या मुख्य खेळाडूचा घोटा मुरगळला. कोचने याला बोलावून घेतलं.

"शनिवारी तू उतरतोयस. मालक बघायला येणार आहेत. चमकलास तर पुढच्या वर्षीच्या कराराचं मी बोलतो."

"कुणाचा खेळ करू?"

"अरे बाबा, तुझाच कर की!"

इथेच घोडं अडलं. घरी येऊन त्याने स्वतःचे जुने व्हिडिओ काढले, एरवी दुसऱ्यांचे काढायचा तसेच. बहुतेकांत हा टॉवेल घेऊन बसलेला. जिथे चार-दोन मिनिटं उतरला होता, तिथे खांदा एका क्लबातल्या कप्तानाचा, पाय आणखी कुणाचा. हा स्वतः कुठे होता, ते काही केल्या सापडेना. बायको पलीकडे इस्त्री करत होती.

"काय शोधतोयस एवढं?"

"काही नाही."

कॉलेजात असल्यापासून ती त्याचे सामने बघत आलेली. तिला विचारायला काय हरकत होती? पण लाज वाटली शहाण्याला.

शनिवारी ती प्रेक्षकांत येऊन बसली. सुरुवातीला हा नुसता भांबावल्यासारखा धावत होता. मग आठवडाभर घोटलेलं अंग आपोआप चालायला लागलं. समोरच्या संघाचा जो भारी खेळाडू, त्याचाच खेळ हा त्याच्याच तोंडावर खेळू लागला. लोकांनी याला डोक्यावर घेतलं. तो खरा खेळाडूसुद्धा कमरेवर हात ठेवून बघत राहिला. गुणांवर गुण होत गेले, आणि अगदी शेवटी एकाच गुणाची पिछाडी उरली. चेंडू याच्या हातात. दोघं जण अंगावर धावून आले. बास्केटखाली आपला एक जण अगदी मोकळा उभा राहून दोन्ही हात हलवत होता. याने उडी मारली, पाय झाडला आणि चेंडू स्वतःच फेकला. तो कडीवर आपटून बाहेर पडला. सामना गेला.

"हुबेहूब त्याच्यासारखा मारलास," कोच नंतर म्हणाला. त्याला राग आला नव्हता, तेच वाईट होतं. "करार काही होणार नाही रे. लांबच्या एका क्लबाला प्रॅक्टिससाठी माणूस हवाय. कळवू?"

हा हो म्हणाला.

बाहेर बायको गाडीत बसली होती.

"तो बास्केटखाली मोकळा होता," ती म्हणाली.

"दिसला होता."

"मग?"

"मला दिसला होता गं. पण ज्याचा खेळ खेळत होतो, त्याला नसता दिसला. तो कधी कुणाला पास देत नाही."

तिने किल्ली लावली, पण फिरवली नाही. "कॉलेजात तू न बघता पास द्यायचास. तुझे गुण कधी फारसे झालेच नाहीत, पण तू उतरलास की बाकीचे चौघे चांगले खेळायचे. ते बघूनच तर मी तुझ्यात अडकले."

"मग परवा सांगितलं का नाहीस?"

"विचारलंस कुठे?"

त्याने लांबच्या क्लबाचं सांगितलं.

"जा तू," ती म्हणाली. "मी इथेच राहते." आणि तिने गाडी सुरू केली.

आपण जात नाही म्हणावं, तिची माफी मागावी, असं घर येईपर्यंत त्याच्या फार मनात होतं. पण असल्या वेळी माणसं नेमकं काय बोलतात, ते त्याने कधी बघून ठेवलं नव्हतं.