चौथीच्या बाई पास झाल्या

"पहिला वर्ग, बाई, पहिला वर्ग!" शिपाईमामा निकालाचा कागद नाचवतच वर्गात शिरले. "आता मुख्याध्यापिका तुम्हीच. उद्यापासून ऑफिसची किल्ली तुमच्याकडे!"

चौथीच्या बाई मटकन खुर्चीत बसल्या. पंचेचाळिशीत एम.एड.चा घाट घातला तेव्हा नवऱ्याने टोमणा मारला होता, "अगं, नातवंडांच्या शेजारी बसशील परीक्षेला!" पण पदवीवाचून बढती नव्हती, आणि त्यांनी शिकवलेली पोरंसोरं साहेब होऊन त्यांच्याच डोक्यावर बसत होती. मग दोन वर्षं बाईंनी मिळेल तिथून वेळ ओरबाडला. वर्गाने एका सुरात धडा वाचायचा आणि बाईंनी टेबलावर प्रबंध लिहायचा. विषय, 'वाचनात मागे पडणारी मुले'. अशी मुलं तपासायला त्या दोन बस बदलून लांबच्या शाळेत जात.

आनंदाच्या भरात त्यांनी, सगळे जिला बडबडी म्हणत, त्या मुलीला पुढे बोलावलं. बाई वर्गाबरोबरच तिसरीतून चौथीवर आलेल्या, म्हणून तिसरीपासून ती त्यांच्याच वर्गात, आणि एका सुरात वाचताना सगळ्यांत खणखणीत आवाज तिचा.

"वाचून दाखव गं हा कागद सगळ्यांना."

बडबडीने कागद घेऊन नुसता उलटसुलट केला.

"अक्षर बारीक आहे का? बरं, आपला धडा वाच."

पोरगी घडाघडा वाचू लागली. बाईंच्या मनात काय आलं कोण जाणे, त्यांनी पानावर हात ठेवला. वाचन थांबलं नाही. त्यांनी पुस्तक मिटलं. तरी नाही.

"कधीपासून गं असं?"

"तिसरीपासून. तुम्हीच म्हणालात ना, सगळ्यांबरोबर म्हणा. मी म्हणते." तिचा आवाज बारीक झाला. "चुकलं का, बाई?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण बाईंनी आजवर शेकडो पोरांना शिकवली होती. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"नाही गं. तुझं नाही चुकलं."

शिपाईमामांनी किल्ली पुढे केली. "उद्या या वर्गावर नव्या बाई येतील."

बाईंनी किल्ली घेतली. नको म्हणायचं धाडस नव्हतं, आणि खरं तर हवीच होती.

घंटा झाली. वर्ग रिकामा झाला. बडबडीला त्यांनी शेजारी बसवून घेतलं, पुस्तक उघडलं आणि पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

बडबडीने अक्षराकडे पाहिलंच नाही. बाईंचे ओठ कधी हलतात याची वाट बघत ती त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.